फेबियनच्या पायातला पाट

विडीचा नाद सोड, असं मी आमच्या फेबियनला त्याला मिसरूड फुटलं तेव्हापासून सांगत आले. पालथ्या घड्यावर पाणी. आई गेली तेव्हा तो लहान होता, मी थोरली बहीण. पुढे मी विधवा होऊन भुईगावला माहेरी परत आले आणि त्याने लग्नच केलं नाही, म्हणून त्याला वाढवणं माझं कधी संपलंच नाही. चाळिशी उलटली तशी बागेत थोडं चाललं की त्याची डावी पोटरी धरायला लागली. मग अंगठा काळा पडला.

अठ्ठावन्न साली मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, मांडीतली रक्ताची नळी बुजली आहे. त्याच्याच पायातली एक नस काढून बुजलेल्या जागेच्या वर आणि खाली जोडायची. फेबियन बागायतीतला माणूस, त्याला लगेच कळलं.

"म्हणजे पाट तुंबला की बाजूने दुसरा काढतो, तसं."

"अगदी तसं," डॉक्टर म्हणाले. "पण हा पाट गुडघ्यामागून जातो. विडी ओढलीत तर आतून बुजेल, पाय दुमडून बसलात तर चेपेल. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. हा बंद पडला तर पाय कापावा लागेल." मग माझ्याकडे वळले. "रोज सकाळी पावलाला हात लावून बघा. गरम असलं म्हणजे पाट वाहतोय."

घरी आणल्यावर मी फौजदार झाले. आमचा चुलतभाऊ जोसेफ भेटायला आला आणि हळूच विडीचं बंडल उशीखाली सरकवायला लागला. मी ते चुलीत घातलं. म्हटलं, "भावाला बघायला आलास की पोचवायला?" तो बरेच दिवस फिरकला नाही. फिरकेना का! फेबियनला जेवायला खुर्ची, पुढे स्टूल. तो कुरकुरायचा, "बाय, तू मला लाटसाहेब केलंस." मी रोज सकाळी त्याचं पाऊल हातात घ्यायचे. गरम असायचं. मग चहा टाकायचे. अंगठ्याची जखमही भरत आली.

ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे जपमाळेचा महिना. आमच्या आळीत रोज एका घरी सगळे जमून माळ म्हणतात. आमची पाळी आली तेव्हा आळीने आपणहून ठरवलं, आजची माळ फेबियनच्या पायासाठी. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. जमीन सारवली, घरातल्या आल्ताराला, म्हणजे वेदीला, झेंडू वाहिला. फेबियनने धुतलेला सदरा घातला आणि सगळ्यांच्या पुढे गुडघे टेकले. घरधन्याने पुढे टेकायचे असतात.

"खुर्ची देऊ का रे?" जोसेफने मागून विचारलं.

"देवाने पाय राखला," फेबियन म्हणाला, "आणि मी त्याच्यापुढे खुर्चीवर बसू?"

मलाही ते पटलं. डॉक्टरांनी मांडी सांगितली होती, उकिडवं सांगितलं होतं. गुडघे टेकणं म्हणजे बसणं, असं आमच्यात कोणी मानत नाही. माळ लांबली तसा तो टाचांवर टेकला. लांबली की सगळेच टेकतात. उठताना म्हणाला, पाय बधिर झाला. सगळ्यांचेच झाले होते. जोसेफने हसत हात दिला, मी उकडलेले चणे वाटले, आणि लोक फेबियनची पाठ थोपटून घरी गेले.

सकाळी पाऊल हातात घेतलं तर विहिरीतल्या कळशीसारखं गार.

इस्पितळात डॉक्टरांनी आधी माझ्याकडेच पाहिलं. "विडी?"

"नाही. माझ्या राज्यात नाही."

"मग पाय दुमडून बसला होता का?"

"नाही साहेब," फेबियन म्हणाला. "बसलो नाही. प्रार्थनेला गुडघे टेकले होते."

डॉक्टर खाटेजवळ स्टूल ओढून बसले. बराच वेळ त्यांनी त्याच्या पावलावरचा हात काढला नाही. "हे सांगायचं मला सुचलं नाही," ते म्हणाले. विडी निघाली असती तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. इथे भांडायचं कोणाशी? पाय गुडघ्याच्या वरून कापला.

पुढच्या ऑक्टोबरात पाळी आली तेव्हा मी म्हटलं, आपल्याकडे नको. फेबियन म्हणाला, "बोलव सगळ्यांना." तो खुर्चीवर बसला. आळीने गुडघे टेकले आणि मी खांबाला धरून उभीच राहिले. मला टेकवेना. त्याच्याच पायासाठी मागितलं होतं आम्ही, दुसरं काही नाही. राग होता माझ्या पोटात, आजही आहे.

"टेक, बाय," फेबियन हळूच म्हणाला. "माझ्या वाटचंही तूच टेक."

मी टेकले. माळ म्हणता आली नाही, नुसती रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि अर्धवट झोपेत, जुन्या सवयीने हात त्याच्या पांघरुणाखाली गेला, डाव्या बाजूला. गादी लागली. मी तशीच थांबले. फेबियन जागा होता. त्याने उजवं पाऊल सरकवून माझ्या हातात दिलं.

गरम होतं. मग मी चहा टाकला.