काचेचा दोष

काचेची पट्टी मधोमध तडकली होती – बोटाएवढी, भेगेवर आडवी, दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवलेली. भिंत हलली तर आधी काच तुटते, हे बाबांमुळे आईलाही पाठ झालेलं. बाबांचं कामच ते : लोकांच्या भिंतींवरची कुठली भेग वरवरची, कुठली मुळातली, ते सांगायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक, ती नुसती गिलाव्याची. खुशाल रंग द्या. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चढणारी, वर रुंदावत जाणारी, विटेत शिरलेली...

स्वयंपाकघरातली ही तशीच होती.

"काच उगाच तडकते का हो?" आईने विचारलं.

"काचच हलक्या प्रतीची. त्यात तुझी भांड्यांची आदळआपट."

"घ्या! म्हणजे इमारत माझ्या कढईने हलतेय!"

आई, बाबा आणि मुलगी, तिघंही हसली. बाबांनी काच खरवडून काढली, भेगेत पुट्टी भरली आणि अंगठ्याला थुंकी लावून ती गुळगुळीत केली. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीवरची तुळई आईच्या अंगावर कोसळली.

आता या भाड्याच्या खोलीत तोच अंगठा परत भिंतीवर फिरतोय. नखात साठलेला पांढरा गाळ, त्यावर थुंकीची चकाकी – आणि थोड्या वेळाने त्याच हाताने ते जेवायला बसतील, या विचारानेच मुलीला ओकारी येते. भेटायला येणारे म्हणतात, माणूस मोठा खंबीर हो; आणि बाबा मान डोलावतात. दुःखाबद्दल तिने पुष्कळ वाचलंय. कुठल्याच पुस्तकात कुणाला ओकारी आलेली तिला आठवत नाही.

"उद्या एक शाळा बघायचीय," बाबा पाठमोरेच म्हणाले. "जिन्याशी भेग आहे म्हणे. वरवरचीच असणार."

असणार. न बघताच. त्या जिन्यावरून मुलं धावत उतरत असतील... आई असती तर तिने कोपराने ढोसलं असतं – गप्प बस गं, दमलेत ते.

"बाबा, मला तुमची किळस येते."

आवाज रडका नव्हता, याचंच तिला नवल वाटलं.

"काय म्हणालीस?"

"किळस येते. आणि उद्या मी शाळेत जाऊन सांगणार आहे, दुसरा माणूस बोलवा म्हणून."

ते वळले. अंगठा सदऱ्याला पुसला, पुन्हा पुसला. किळस ओसरली नव्हती – पण घशातून निघून ती खोलीत आली होती, दोघांच्या मधे, आणि तिच्या पलीकडे एक म्हातारा माणूस उभा होता. तो इतका म्हातारा कधी झाला, ते तिला कळेना.