बावन्न मार्कांची गरिबी

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात नुसतं गरीब असून भागत नव्हतं, त्यात पास व्हावं लागत होतं. सरकारनं तेरा प्रश्नांचा पेपर काढला होता. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार मार्क, एकूण बावन्न. ज्याला कमी मार्क तो गरीब, त्याचं पिवळं रेशनकार्ड राहणार. ज्याला जास्त, त्याचं अभिनंदन आणि कार्ड जमा.

घरोघर जाऊन पेपर भरून घ्यायचं काम संपत गुरुजींच्या गळ्यात पडलं. गुरुजींनी सत्तावीस वर्षं पोरं पास करायला मार्क वाढवले होते. आता पास करायचं म्हणजे मार्क कापायचे. हात वळता वळत नव्हता.

कवठे येमाईच्या शिवारातल्या नवनाथच्या घराला या परीक्षेची भीती नव्हती. तयारी पक्की होती. दीड एकर जिरायत, तळ दिसणारी विहीर. मागच्या कांद्यानं बाजारापर्यंतचं टेम्पोभाडंही दिलं नव्हतं, म्हणून उरलेला कांदा बांधावरच सडला. नवनाथ, बायको सारजाबाई आणि पोरगी भाग्यश्री ही तिघं पिवळ्या कार्डाच्या गहू-तांदळावर जगत होती. तोही महिनाभर पुरावा म्हणून दिवसातून एकदाच जेवत होती. कार्ड गेलं तर ते एक वेळचं जेवणही गेलं, हे सारजाबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अडचण एवढीच झाली, की गुरुजी उगवले त्याच सकाळी राहू गावचे पाहुणे भाग्यश्रीला बघायला आले होते.

आता पोरगी दाखवायची तर घरही दाखवावं लागतं, आणि दाखवण्याजोगं घर आधी गोळा करावं लागतं. यात आमच्याकडं कुणाला लाज वाटत नाही. आज तुमच्यात, उद्या आमच्यात. दूध डेअरीच्या खुर्च्या आल्या. शेजारच्या दगडोबाचा टेबल फॅन आला. अनसाबाईचा टीव्ही आला, पण अँटेना तिच्या पत्र्यावरच राहिला, तेव्हा कुणी लावा म्हणू नये यासाठी टीव्हीवर विणलेला रुमाल टाकला. दारात दगडोबाचीच जर्सी गाय बांधली. ती सकाळपासून आपल्या घराकडं तोंड करून हंबरत होती.

गुरुजींना बघून नवनाथ पळतच गाईपाशी गेला. "गुरुजी, आज नगं. पाव्हणं हायेत."

"अरे, उद्या सकाळी गठ्ठा जमा करायचाय. तुझंच एक घर राहिलंय."

"मग तुमाला काय ठावं न्हाई का आमचं? मी सही करतो, बाकी तुमी शाळंत बसून भरा."

गुरुजींना हे पटलं. नवनाथनं गाईच्या पाठीवर कागद ठेवून कोऱ्या फॉर्मवर सही केली. गुरुजी वळले, आणि आतून आवाज आला, "कोण हाय? गुरुजी का? या की, बसा!"

हे बबनराव, मुलाचे वडील. त्यांच्या शेजारी त्यांची विधवा बहीण बसली होती, तिला सगळे ताई म्हणत. मुलगा रोहिदास कुरकुंभच्या कंपनीत कामाला होता, आणि तो फॅनपुढून हलत नव्हता.

"कसला कागुद?" बबनरावांनी विचारलं.

"सर्वे आहे. घराची माहिती."

"मग भरा की हितंच! आमाला बी पाव्हण्यांची माहिती व्हईल. सरकारी कागुद म्हंजी खोटं न्हाई." बबनराव हसले. पोरीकडच्यांची चौकशी करायला एवढा स्वस्त आणि घरपोच माणूस त्यांना पुन्हा मिळाला नसता.

गुरुजी बसले. त्यांनी आपल्या परीनं कॉपी पुरवायचा प्रयत्न केला. "जमीन... दीड एकर जिरायत, असंच ना?"

पण पाहुण्यांना निरोप पाच एकर बागाईतीचा गेला होता.

"पाच," नवनाथ म्हणाला. "बागाईत."

"नवनाथ, नीट आठव."

"जमिनीत काय आठवायचं गुरुजी? हाय तिथंच हाय."

गुरुजींनी चार मार्क दिले.

"कपडे. माणशी दोन-तीन?"

"धा-बारा तर हायेतच. बायकांचं तर मोजायलाच नगं."

चार.

"टीव्ही, पंखा..." गुरुजींनी पुढं विचारलंच नाही. पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडत होता, तो त्यांनी हातानं दाबून धरला होता. शाईनं चार लिहिले. बाहेर गाय हंबरली.

"जनावरं बी लिव्हा," बबनराव म्हणाले. "गाय चांगली हाय."

स्वयंपाकघराच्या दाराशी सारजाबाई उभी होती. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीची आई पुरुषांत बोलत नाही. पण गुरुजींच्या लेखणीखाली एकेक पायली गहू घराबाहेर चाललेला तिला दिसत होता. तिनं बांगड्या वाजवल्या. नवनाथनं तिकडं बघितलं नाही. तिनं खोकून बघितलं. ताई म्हणाली, "विहीणबाईंना पाणी द्या कुणीतरी."

"विहीणबाई" हा शब्द ऐकून नवनाथच्या अंगात हत्तीचं बळ आलं. पुढच्या आठ प्रश्नांत त्यानं संडास बांधला, कुटुंबातून कुणी मजुरीला जात नसल्याचं सांगितलं आणि सरकारकडून काही मदत नको असल्याचंही कळवलं. "मदत कशाला?" बबनरावांकडं बघत तो म्हणाला. "लोकांना लागती."

उरला एक प्रश्न. गुरुजींनी तो मुद्दाम शेवटी ठेवला होता. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"कुटुंबाला जेवण. दोन वेळ पोटभर, वर्षभर. की एक वेळ. की एक वेळसुद्धा नाही."

बबनराव खळखळून हसले. "ह्यो काय इचारायचा प्रश्न हाय? तीन येळ लिव्हा, च्या-पोहं धरून!"

"दोन येळ," नवनाथ म्हणाला.

"एक येळ."

सारजाबाई बाहेर आली होती. पदर डोक्यावर होता, पण नजर खाली नव्हती.

"एक येळ लिव्हा गुरुजी. ती बी सांजची. सकाळी ही पोरगी पाणी पिऊन खुरपायला जाती."

"अगं ये—"

"तुमी गप बसा. टीव्ही अनसाबाईचा. फॅन दगडोबाचा. गाय बी त्याचीच, म्हणून वराडतीया. रान दीड एकर, हिरीत दगूड टाकला तर दगडाला लागतो. कार्ड गेलं तर आमी खायाचं काय, ते ह्यांना इचारा."

आत भाग्यश्रीच्या हातातला ट्रे टेकल्याचा आवाज झाला. रोहिदासनं पहिल्यांदाच फॅनवरची नजर काढली आणि जमिनीवर ठेवली.

मग ताई पुढं सरकून हळूच म्हणाली, "गुरुजी, ही परीक्षा आमच्या राहूला कवा हाय वो? आमचं बी कार्ड—"

"ताई!" बबनराव ओरडले, आणि उठले. चपला घालता घालता म्हणाले, "कळवतो." हा शब्द ऐकल्यावर मुलीकडच्यांनी कळवण्याची वाट बघायची नसते.

पाहुणे गेल्यावर नवनाथ म्हणाला, "गुरुजी, आता खरं भरा."

"शाईनं लिहिलंय. खाडाखोड चालत नाही."

"दुसरा फॉर्म?"

"मोजून दिलेत. वर नंबर आहे, खाली तुझी सही आहे." गुरुजींनी राहिलेल्या एका चौकोनात एक लिहिला. शाळेत एवढा कमी मार्क त्यांनी कधीच कुणाला दिला नव्हता. "तालुक्याचे साहेब विचारतील, पाच एकर बागाईत असून हे लोक एकदाच का जेवतात. काय सांगू?"

"सांगा, चिक्कू हायेत," नवनाथ म्हणाला. कुणी हसलं नाही. त्यानंही विनोद केला नव्हता.

साहेबांनी मात्र काहीच विचारलं नाही. साहेब हुशार होते. बारा प्रश्नांना एवढे मार्क पाडणारं कुटुंब तेराव्यात नापास होईल कसं? मास्तरची चूक असणार. त्यांनी एकचा चार केला, शेजारी बारीक सही केली. साहेबांना खाडाखोड चालते.

श्रावणात गरिबांची यादी लागली. भाग्यश्रीनं ती तीनदा वाचली, वरून खाली, मग खालून वर, आणि मग प्रत्येक नावावर बोट ठेवून.

"कागदावर आपण दोन येळ जेवतो, आई," ती म्हणाली. "पोटभर. वर्षभर."

त्या दिवशी रेशन दुकानात दुकानदारानं कार्ड बघायला म्हणून घेतलं आणि गल्ल्याकडं न्यायला लागला. सारजाबाईनं दुसरं टोक पकडलं.

"सोडा वहिनी. नाव न्हाई यादीत. मला वर जमा करायचंय."

"ह्या महिन्याचं माप घाला. मग घ्या."

"मला न्हाई घालता येत."

"मग मला बी न्हाई सोडता येत."

मागं रांग होती. कुणी म्हणालं, आटपा. कुणी म्हणालं, पाच एकरवाली हाय ती, तिला काय कमी. दुकानदारानं जोर लावला, तशी ती आणखी पुढं वाकली, वजनकाट्यावर छाती टेकेपर्यंत. काट्याचा काटा हलला आणि थांबला. तरी तिनं टोक सोडलं नाही.