खापर कुणावर फोडू?

मी बायकांचे कपडे शिवते. महिन्याभरात माझीच कंबर दोन इंच वाढली, तेव्हा मी टेपला शिव्या घातल्या आणि नवी टेप आणली. मेली तीही तेच सांगायला लागली. मग नणंदेनं बखोट धरून मला डॉक्टरकडे नेलं.

अंडाशयात गाठ निघाली. काढून तपासली, तर ती मुळात फुफ्फुसातली! कॅन्सर छातीत सुरू झाला आणि मला पत्ता न लागू देता खाली उतरला. भाडेकरूनं वरच्या खोलीत राहून खालचीही बळकावावी, तसली गत.

"फुफ्फुसाचा? पण तुम्ही तर कधी..." म्हणत जो तो आमच्या ह्यांच्याकडे बघायचा. हे सुतार, चाळीस वर्षं तोंडात सिगारेट. ह्यांनी पाकीट फेकून दिलं. केर काढायला लागले, भांडी घासायला लागले. मी म्हटलं, चहा पाणचट झालाय. तर म्हणे, "हो, माझंच चुकलं." अरे देवा! ज्या माणसानं लग्नाच्या बत्तीस वर्षांत एक वाकडा खिळा कबूल केला नाही, तो! मरणाची भीती होतीच. पण अशा, भांडणही नसलेल्या मुक्या घरात मरायची त्याहून जास्त वाटायला लागली.

आज दुपारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा प्रकार कधीच सिगारेट न ओढणाऱ्यांत बराच दिसतो. याचं खापर तुमच्या मिस्टरांवर फोडता येणार नाही. गोळी सुरू करू. बरा होईल असं नाही म्हणत, पण आवरून धरेल." हे तेव्हा बाहेर औषधांच्या रांगेत होते.

खरं सांगते, मनात पाप आलं. सांगावं, तर भांडी माझ्या गळ्यात आणि सिगारेट ह्यांच्या तोंडात. न सांगावं, तर मी गेल्यावर हा माणूस जन्मभर स्वतःला खात बसणार. संध्याकाळपर्यंत तोंड शिवून राहिले.

हे कढई घासत होते. मला राहवेना.

"अहो, तुमच्यामुळे नाही झालं. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या."

हात थांबला. खांदे गदगदायला लागले. मी पाठीवरून हात फिरवला, तर मलाच रडू फुटलं. नळ तसाच वाहत राहिला.

मग ह्यांनी नाक पुसलं. "हे दुपारपासून पोटात ठेवलंस? आणि मला घासायला लावलंस?"

"लावलं! काय करणार आहात?"

"काही नाही. सिगारेट सुटली ती सुटली. आणि भांडी यापुढेही मीच घासणार. तुला कधी जमलीच नाहीत."

"मला? मग इतकी वर्षं काय तुमची आई येत होती घासायला?"

दोघंही तारस्वरात भांडत होतो. मला इतकं जगावंसं कधीच वाटलं नव्हतं.