बाबांनी सैल केलेले बूट

मुकुंदनं बूट निवडले त्या दिवशी नागपुरातल्या सीताबर्डीचा दुकानदार रडकुंडीला आला होता. अठ्ठ्याहत्तर साली जंगलखात्यात नाकेदाराची, म्हणजे वनरक्षकाची, भरती निघाली होती आणि चार तासांत पंचवीस किलोमीटर चालून दाखवायचं होतं. दोन महिन्यांनी मुकुंद वयात बसणार नव्हता. म्हणजे आता हुकलं की कायमचं हुकलं. म्हणून पठ्ठ्यानं भर दुपारी, पाय सुजलेले असताना, जाड मोजे घालून अकरा जोड चढवून पाहिले. सोबत आलेले त्याचे बाबा धोंडबा, इतवारीच्या धान्यबाजारातले हमाल, एकच पालुपद लावून बसले, की एक नंबर मोठा घे, पोराचा पाय वाढतो. पोरगा चोवीस वर्षांचा! मुकुंदनं कपाळाला हात लावला आणि मापाचाच जोड घेतला.

रोज तासभर घालून चामडं सैल करायचा त्याचा बेत होता. तेवढ्यात पारशिवनीहून मामाचा निरोप आला, की धान कापायला माणूस नाही, आठ दिवस ये. धानाच्या बांधीतल्या चिखलात नवे बूट कशाला नासवायचे, म्हणून ते घरीच ठेवून तो गेला. इथंच शहाण्याचं चुकलं.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी परत येऊन त्यानं बूट घातले, तर टाच आत खालीवर व्हायला लागली. पुढचा भाग फुगलेला, शिवणीत तुरीचा भुसा. आई, सिंधूताई, चुलीकडे तोंड करून बसली. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं.

बाबांनी शांतपणे सांगितलं. नवं चामडं पोराला चावू नये म्हणून आठ दिवस ते बूट त्यांनीच घातले होते, तेही पाठीवर पोती घेऊन. जन्मभर अनवाणी हमाली करून फावड्यासारखा पसरलेला पाय तो. बुटांनी तरी काय करावं?

मुकुंदचं डोकं फिरलं. "बाबा, काहून हात लावला माह्या बुटाले? उद्या माही नोकरी गेली म्हणजे?"

"तुले तरास होऊ नये म्हणून गा," बाबा म्हणाले आणि त्यांनी पाय धोतराखाली ओढून घेतले. तरी दिसायचं ते दिसलंच. दोन्ही टाचा सोललेल्या, करंगळ्यांवर फोड. मुकुंद खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. राग मात्र उतरला नाही, आणि आता तो काढावा कोणावर हेही कळेना.

सकाळी त्यानं बुटात लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, दोन-दोन मोजे चढवले आणि मनातल्या मनात बापाच्या नावानं बोटं मोडत चालत सुटला. पंधराव्या किलोमीटरला मोजे ओले लागले. तो घाम नव्हता. तरी थांबला नाही. वेळ संपायला सहा मिनिटं असताना पोचला.

तो पास झाल्याची बातमी त्याच्याआधीच घरी गेली होती. गल्लीच्या तोंडाशी बाबा चार हमाल जमवून उभे होते आणि ही सारी करामत आपल्या आठ दिवसांची, हे त्यांना तिसऱ्यांदा ऐकवत होते. मुकुंद दिसताच त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"सांग ना गा या लोकायले. एक तरी फोड आला काय?"

मुकुंदनं दात आवळले. "नाही, बाबा. पायात बूट हायेत हेच समजलं नाही."

मग तो भिंतीला टेकून तिथंच उभा राहिला. घराकडे चालायला लागला असता तर लंगडणं दिसलं असतं, आणि बाबांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.