इलारीचं सिम

'अति घाई संकटात नेई' हे मी दुकानात गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो. स्वतःच्या भावाच्या मयतीत मात्र मीच ते विसरलो. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे मला माफी नाही.

इलारी माझा चुलतभाऊ. मंगळवारी अंगणात लाकडं फोडताफोडता गेला. गुरुवारी पुरायचं ठरलं. रोमानियातल्या आमच्या ओल्टेनिया भागात मेलेल्याच्या पेटीत त्याला लागणाऱ्या वस्तू ठेवतात. कंगवा, टोपी आणि हल्ली मोबाईल. झाकण लावायच्या आधी स्टांकावहिनीने मला बाजूला ओढलं.

"सांदूभावजी, फोन जाऊ दे ह्यांच्याबरोबर. पण आतलं सिम काढून माझ्या फोनात घाला. रविवारी रेलूचा फोन यायचाय."

रेलू त्यांचा एकुलता एक मुलगा. स्पेनमध्ये बागांत राबत होता. तिथल्या मुकादमाने त्याचा मोबाईल आणि ओळखपत्र दोन्ही काढून घेतलं होतं आणि पगाराचं नाव नव्हतं. सोमवारी कसाबसा एका बारमध्ये पोचून त्याने बापाला फोन केला. इथून पळायचंय, पण जाऊ कुणाकडे? आईची मावसबहीण सारागोसाला असते ना, तिचा पत्ता शोधून ठेवा, मी रविवारी बाराला विचारतो. पोराला पाठ असलेला नंबर एकच, बापाचा. वहिनीने पत्ता मिळवून ठेवला होता. आता तो नंबर तेवढा चालू हवा होता.

पेटीपाशी बायका रडत होत्या, पाद्रीबाबा घड्याळ बघत होते. मी फोन बंद केला, मागचं झाकण काढलं, सिम काढलं. बॅटरीखाली प्लॅस्टिकची एक पट्टी होती. बॅटरी सैल झाली की असा टेकू लावायचा, हे मीच इलारीला शिकवलं होतं. पट्टी होती तिथेच राहू दिली आणि फोन त्याच्या हाताशी ठेवला.

संध्याकाळी वहिनीच्या फोनात सिम घातलं तर त्याने पिन मागितला. सहा वर्षांत तो फोन इलारीशिवाय कुणी बंद-चालू केला नव्हता, त्यामुळे पिन दुसऱ्या कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. चालू फोन तसाच चार्जरला लावून घरी ठेवला असता तर काही बिघडलं नसतं. पण नाही, मला मेलं कौशल्य दाखवायचं होतं.

तीनच संधी असतात. चार शून्यं टाकली, नाही. इलारीचं जन्मसाल टाकलं, नाही.

"वहिनी, आता चुकलं की सिमला कुलूप."

"रेलूचं साल टाका."

"नक्की?"

"हा फोन त्यांनी घेतलाच मुळी त्याच्यासाठी. टाका म्हणते ना!"

टाकलं. कुलूप लागलं.

कंपनीला फोन केला. तिथली मुलगी गोड बोलत होती. सिम ज्या प्लॅस्टिकच्या कार्डातून मोडून काढलं त्यावर आठ आकडी कोड असतो, तो द्या, म्हणाली. कार्ड नसेल तर मालकाने यावं. मालक वारला, म्हटलं. मग कागद दाखवा. प्रीपेड सिम, बाजारात भाजीसारखं विकत घेतलेलं, त्याला कसला आलाय कागद? कार्ड तेवढं शोधायला हवं होतं. प्लॅस्टिकचं कार्ड. मला बॅटरीखालची पट्टी आठवली, ती त्याच कार्डातून कापलेली असणार.

वहिनी शनिवारी पाद्रीबाबांकडे गेली.

"परवानगी जिल्ह्याला मिळते, सोमवारी," बाबा म्हणाले. "आणि सात वर्षांच्या आत कुणी थडगं उघडतं का, बाई? गाव काय म्हणेल?"

"गाव माझा पोरगा आणून देणार आहे का?"

रविवारी सगळं गाव प्रार्थनेला गेल्यावर आम्ही दोघं फावडी घेऊन टेकडीपलीकडच्या दफनभूमीत गेलो. माती अजून बसली नव्हती. वहिनी माझ्या बरोबरीने उपसत होती. झाकण मी उचकटलं. आत काय दिसलं ते मी कुणाला सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही. वहिनीने वाकून फोन काढून घेतला आणि नवऱ्याच्या कॉलरवर पडलेली माती झटकली.

पट्टीवर आकडे होते. शेवटचा कात्रीत अर्धा गेलेला, तीन असेल नाहीतर आठ. वहिनीच्या फोनात मी आठ टाकला आणि कुलूप उघडलं. साडेअकरा वाजले होते. वहिनीने छातीवर क्रूस काढला.

मग मेसेज येऊ लागले. फोन बंद असताना आलेले कॉल. शुक्रवारी दोन, शनिवारी नऊ, सगळे एकाच परदेशी नंबरवरून. पोराने रविवारची वाट पाहिली नव्हती.

मी तो नंबर लावला. बारवालीने उचलला. मी तीन हंगाम तिकडे संत्री तोडली आहेत, तेवढी भाषा मला येते.

"तो रोमानियन पोरगा? काल दिवसभर इथंच होता," ती म्हणाली. "म्हटलं, अरे, दुसऱ्या कुणाला तरी लाव. तर म्हणे, दुसरा नंबर येत नाही. संध्याकाळी मुकादमाची गाडी आली. मी पोराला मागचं दार दाखवलं."

"मग? ओढून नेलं?"

"नाही हो. आपला आपण जाऊन बसला. म्हणाला, बापानेच फोन बंद करून ठेवलाय, आता पळून जाऊ कुठं?"

"काय म्हणते ती?" वहिनी माझी बाही ओढत होती. "भावजी, काय म्हणते?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण समोर इलारी उघडा पडलेला. जसंच्या तसं सांगितलं. ती रडली नाही. खड्ड्याच्या काठावर बसली, फोन दोन्ही हातांत धरून.

"बाराला करतो म्हणाला होता ना? करेल."

टेकडीपलीकडे घंटा वाजली. प्रार्थना सुटली होती, लोक कधीही इकडे आले असते. मी फावडं उचललं.

"थांबा," वहिनी म्हणाली. "झाकण लावू नका अजून. ह्यांनाही ऐकू दे."

मी फावडं खाली ठेवलं. पाद्रीबाबा गावाला घेऊन आले तेव्हा पाऊण वाजला होता आणि आम्ही दोघं तिथेच बसून होतो.