बोर्ड सरळ असला पाहिजे

नीलिमा उद्धट आहे, असं ऑफिसात माझ्याबद्दल बोललं जातं. ते खोटं आहे. मी बहुतेक वेळा बरोबर असते आणि ते लपवायचे कष्ट घेत नाही, एवढंच. सिडनीत येऊन मला अठरा वर्षं झाली. त्यातली अकरा मी पोकी मशीनचं गणित करण्यात घालवली आहेत. पोकी म्हणजे क्लबात आणि कॅसिनोत ओळीने मांडलेली ती पैशांच्या खेळाची मशीनं. लोकांनी घातलेल्या दर शंभर डॉलरांपैकी किती परत द्यायचे, हे मशीन बाहेर पडण्याआधी ठरवावं लागतं आणि तसंच घडेल याची हमी म्हणून कुणाला तरी सही करावी लागते. आमच्या कंपनीत ती सही माझी. आजवर माझा एकही आकडा चुकला नव्हता.

यंदाचं मशीन तर मुळापासून माझं होतं. नुसतं बटण दाबून नशिबाची वाट बघत बसायला नवीन पिढी तयार नाही, तिच्या हाताला काहीतरी काम हवं, असं आमचा प्रॉडक्ट हेड यतिन दोन वर्षांपूर्वी घोकत होता. मी त्याला कॅरम दिला. पडद्यावर बोर्ड, त्यात चार सोंगट्या आणि राणी, आणि खेळणाऱ्यापुढे काचेचा एक चौकोन. त्या काचेवर खरीखुरी टिचकी मारायची. बोटाचा जोर आणि कोन काच टिपते आणि पडद्यावरचा स्ट्रायकर तस्साच सुटतो. जितक्या सोंगट्या घ्याल तितके पैसे.

कच्च्या खेळाडूला शंभरातले पंच्याऐंशी परत मिळावेत आणि अट्टल खेळाडूला पंच्याण्णव, असं मी बसवलं. आता अट्टल म्हणजे नेमका किती अट्टल? इथे मी माझाच हात मोजला. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना मी कॉलेजच्या कॅरम टीमची कॅप्टन होते. माझ्याहून चांगलं खेळणारं माणूस सिडनीतल्या एखाद्या क्लबात येऊन बसेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

खेळाची चाचणी घ्यायला गुरुवारी आम्ही बाहेरची चाळीस माणसं बोलावली होती. एकोणचाळीस आली. त्याच दिवशी तीन वाजता माझ्या सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, म्हणून केलीव्हिलच्या घरून नेहमीच्या मेट्रोऐवजी मी गाडीने आले होते आणि त्या रिसेप्शनमध्ये बसून होत्या. सासूबाईंचं नाव विमल, राहणार कोल्हापूर, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेल्या. चौदा वर्षांच्या संसारात त्यांच्याविषयी मला ठाऊक होतं ते असं : त्या टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाल्या, चहात आलं जास्त घालतात आणि माझ्या ड्रायव्हिंगवर कधी बोलत नाहीत, फक्त दाराची मूठ घट्ट धरून बसतात.

"आई, बसल्या बसल्या तासभर एक खेळ खेळाल का? आमचं एक माणूस कमी पडतंय."

"कसला गं खेळ?"

"कॅरम."

त्यांनी पर्स बाजूच्या खुर्चीवर ठेवली. "पावडर आहे?"

मी हसले. काचेला पावडर लागत नाही, असं सांगून त्यांना मशीनपुढे बसवलं आणि माझ्या कामाला गेले.

तासाभराने परत आले तर बाकीची माणसं आपापली मशीनं सोडून त्यांच्यामागे उभी होती. आई शांतपणे खेळत होत्या. डाव्या हाताने ओढणी सावरायची, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने टिचकी. राणी घेतली की पुढच्याच टिचकीला कव्हर. तीस बोर्डांपैकी अठ्ठावीस त्यांनी साफ केले होते. मशीनने त्यांना शंभराला एकशे अठरा परत दिले होते. अशी पाच माणसं एका क्लबात शिरली असती तर महिनाभरात क्लबाने मशीन उचलून आमच्या दारात आणून टाकलं असतं.

"हे कुठे शिकलात?" मी गाडीत विचारलं.

"एक्स्चेंजच्या रिक्रिएशन क्लबात. सव्वीस वर्षं जेवणाच्या सुट्टीत खेळले. नागपूरला स्पर्धेला जायचो आम्ही बायका."

"कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलंस?"

त्या हे रागाने बोलल्या नाहीत, म्हणूनच मला जास्त लागलं.

शुक्रवारी सकाळी यतिन माझ्या टेबलावर येऊन बसला. डोंबिवलीचा मुलगा, इथे युनिला शिकायला आला तो इथलाच झाला. हुशार आहे, पण जिथे घाई असते तिथे त्याची अक्कल लगेच वाकते.

"नीलिमा, पुढच्या शुक्रवारी मशीन मंजुरीसाठी तपासणी लॅबला सबमिट करायचंय. काकूंचा रिपोर्ट बघितला. एकशे अठरा! आता?"

"चूक माझी आहे. मी माझ्या हातावरून वरची मर्यादा धरली." हे वाक्य मी त्या इमारतीत पहिल्यांदाच बोलत होते. "मी गणित पुन्हा बसवते."

"आठवड्यात होणार नाही ते. मी डेव्हलपरशी बोललोय. जो फार जिंकतोय त्याचा स्ट्रायकर किंचित हलवायचा. हाफ अ डिग्री, मेट! कोणाच्या बापाला कळणार नाही."

"म्हणजे कौशल्याचा खेळ म्हणून विकायचा, आणि कौशल्य दिसलं की मागून हात धरायचा? चोरी आहे ही. मी सही करणार नाही."

"मग मशीन यंदा जाणार नाही. दोन वर्षं तुझी गेलीत, माझी नाही."

माझं डोकं फिरलं. आणि डोकं फिरलं की मी पैज लावते, ही माझी जुनी खोड आहे. "तुझं अर्ध्या डिग्रीचं मशीन सोमवारी तयार ठेव. आई खेळतील. त्यांना काही सांगणार नाही. त्यांना कळलं नाही, तर मी गप सही करते. कळलं, तर मी सांगेन ते."

"डन," यतिन म्हणाला. त्याने एवढ्या चटकन हात पुढे केला की मला थोडी शंका आली.

शनिवार-रविवार मी वर वर ऐटीत होते. आतून एकच हिशेब चालू होता. अर्धी डिग्री म्हणजे काहीच नाही, बोट जरासं ओलं असलं तरी तेवढा फरक पडतो. आई मात्र निवांत होत्या. माझ्या लेकीला, स्पृहाला, त्या डायनिंग टेबलावर दोन रुपयांच्या नाण्याने कट कसा मारायचा ते शिकवत होत्या आणि ती "आजी, that's insane!" म्हणून किंचाळत होती.

सोमवारी आर्व्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, दोनच्या सुमारास आई पुन्हा मशीनपुढे बसल्या. यतिन खिशात हात घालून भिंतीला टेकून उभा होता. पहिले पाच बोर्ड साफ गेले. सहाव्यात एक सोंगटी पॉकेटच्या ओठावर अडली. आईंनी बोट ओढणीला पुसलं. पुन्हा तेच. सातवा बोर्ड गेला. यतिनने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी घड्याळात बघितल्यासारखं केलं.

मग आईंनी सोंगट्या सोडूनच दिल्या. त्यांनी स्ट्रायकर बोर्डाच्या समोरच्या कडेवर सरळ मारला आणि तो परत कुठे येतो ते बघितलं. पुन्हा मारला, पुन्हा बघितलं. मग तिसऱ्यांदा. मग पर्समधून डॉक्टरांची पावती काढली, तिची चार वेळा घडी घातली आणि कमरेवर हात ठेवून हळूहळू मशीनखाली वाकल्या.

"काकू, काही पडलं का?" यतिन धावला.

"याचा पाय कुठाय रे? उजव्या पायाखाली घडी द्यायला पाहिजे. बोर्ड उतरलाय."

"काकू, ती स्क्रीन आहे. ती कशी उतरेल?"

"ते तू बघ. आल्या आल्या सरळ होता. पाच बोर्ड घेतले आणि कलला." आई उठल्या आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहिल्या. "माझ्यासाठी कलवलास की काय?"

यतिनचे कान लाल झाले. मला इतका आनंद झाला की मी आईंना तिथेच मिठी मारली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. त्यांना ती आवडली की नाही कोण जाणे, घडी घातलेली पावती तेवढी त्यांनी माझ्या हातात दिली.

उपाय खरं तर मला शनिवारीच सुचला होता, पण आधी पैज जिंकायची होती. बक्षीस किती, हे बोर्ड मांडायच्या आधीच चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबाने ठरवायचं आणि पडद्यावर वर दाखवायचं. कधी दोन, कधी दहा, क्वचित शंभर. मग खेळा. सगळं साफ केलंत तर बक्षीस पूर्ण, चुकलात तर त्यातला थोडा भाग कापला जाणार. बोर्डाला हात लावायचा नाही. बक्षिसंच अशी ठेवायची की एकही नेम न चुकणाऱ्या हातालाही शंभरातले शहाण्णवच मिळतील. दोन दिवसांत मी हे बसवलं, आणि फार सुरेख बसवलं.

बुधवारी आई दुपारभर खेळल्या. दोनशे बोर्ड. हजार पॉइंट घेऊन बसल्या होत्या, उठल्या तेव्हा नऊशे अठ्ठावन्न होते. यतिन टाळी द्यायला आला. "जीनियस आहेस तू!" मी नाही म्हटलं नाही.

"बोर्ड सरळ होता ना, आई?"

"अगदी ओळंब्यात." त्या बोटं मोडत होत्या. "पण नीलिमा, माझे चार-पाचच नेम चुकले असतील. मग मी हरले कशी?"

"शंभरातले चार मशीनचे असतात, आई."

"आणि एकही चुकला नसता तर?"

"तरी चार."

"म्हणजे मी कितीही चांगली खेळले तरी?"

"एखाद्या दिवशी जिंकाल. रोज खेळलात तर नाही."

"हे इथे कुठे लिहिलंय?"

"माहितीच्या बटणात. तिसऱ्या पानावर."

आईंनी पर्स खांद्याला लावली. "चांगला केलायस खेळ. पण नेम चुकून हरले तर मी उद्या हात सुधारून परत येईन. नेम लागूनही हरायचं असेल, तर ते मला बसायच्या आधी सांग. यतिनने बोर्ड कलवला होता. तू तोच कल उचलून वर बक्षिसात नेऊन ठेवलास."

मला राग आला. गाडी रस्त्याला लागेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते, सगळी मुद्देसूद. नियमात बसतं. सगळीच मशीनं अशी असतात. कुठलाही धंदा असाच चालतो. पण त्यांनी नियम विचारलाच नव्हता. माझ्या मशीनपुढे बसणारा माणूस हात सुधारत राहणार होता, हात सुधारला की जिंकू या भरवशावर, आणि तो भरवसा मीच त्याला टिचकीतून देत होते. बोर्ड जितका सरळ, तितका तो भरवसा पक्का. अकरा वर्षांत हे मला कुणी दाखवलं नव्हतं, आणि ज्यांनी दाखवलं त्या मागच्या सीटवर दाराची मूठ धरून बसल्या होत्या.

शुक्रवारी मी घरून काम करत होते. बाराला यतिनचा फोन आला. "सगळं रेडी आहे. फक्त तुझी सही."

"पहिल्या पडद्यावर एक ओळ घाल. खेळ सुरू होण्याआधी. 'तुमचा एकही नेम चुकला नाही, तरी मशीन शंभरातले चार ठेवून घेईल.'"

तो हसला. मग मी हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. "वेडी आहेस का? मग खेळेल कोण?"

"वाचून बसतील ते खेळतील."

"लोक वाचतात आणि तरी बसतात, नीलिमा. काय फरक पडणार?"

"सांगून बसले तर त्यांची मर्जी. न सांगता बसवले तर माझी सही. पैजेत ठरलंय, मी सांगेन ते."

"तू खरंच उद्धट आहेस."

"नो वरीज. सबमिशन पाच वाजता आहे ना?"

पावणेतीनला त्याने पडद्याचा फोटो पाठवला. ओळ होती, पण तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात. मी परत पाठवला. सव्वातीनला दुसरा आला, जरा मोठा. तोही परत पाठवला आणि खाली लिहिलं, 'काकूंना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.' चारला तिसरा आला. पडदाभर, काळ्यावर पांढरी अक्षरं.

आई ओट्याशी आलं किसत होत्या. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझा हात धरून फोन लांब केला आणि इंग्रजी ओळ एकेक शब्द सुटा करत शेवटपर्यंत वाचली.

"आता झाला सरळ," त्या म्हणाल्या.

"मग खेळाल?"

"छे!" त्यांनी आलं चहात टाकलं. "हे वाचल्यावर कशाला खेळू?"

मी मोठ्याने हसले. माझ्या मशीनला भेटलेला सर्वांत चांगला खेळाडू माझ्याच एका ओळीने उठून गेला होता. लॅपटॉपशेजारी त्यांची घडी घातलेली पावती तशीच पडून होती. ती बाजूला सरकवून मी सही केली.