सुमेधाचा आग्रह आणि ओमाहाचा राखीव क्वार्टरबॅक

शनिवारी दुपारी डब्लिनच्या कडेला, ओंगारमधल्या आमच्या घरासमोर एक काळी व्हॅन थांबली. आधी यामिनी उतरली आणि तिच्या मागून दोन माणसं. यामिनी म्हणजे माझी मेव्हणी, सुमेधाची धाकटी बहीण. ती अमेरिकेत ‘ओमाहा हेरॉन्स’ नावाच्या फुटबॉल टीमची डाएटिशियन आहे. फुटबॉल म्हणजे तो अमेरिकन प्रकार, हेल्मेट घालून एकमेकांवर कोसळायचा. रविवारी इथल्या क्रोक पार्क स्टेडियमवर त्यांची टक्सनच्या टीमशी मॅच होती आणि हॉटेलचं खाऊन वैतागलेल्या दोघांना ती घरचं जेवायला घेऊन आली होती.

पहिला कोल्टन. क्वार्टरबॅक. प्रत्येक चालीला बॉल आधी याच्या हातात येतो आणि पुढे तो कुणाला द्यायचा हे यानं ठरवायचं. तेही समोरून पाच-सहा रेडे अंगावर धावून येत असताना. दारातून येताना बिचाऱ्यानं मान वाकवली, तरी आमचं तोरण डोक्यावर घेऊनच आत आला.

दुसरा नेल्सन. चौतिशीचा, पुढून विरळ झालेला, एकदम शांत माणूस.

“आणि हे काय खेळतात?” सुमेधानं विचारलं.

“हा बॅकअप क्वार्टरबॅक, ताई. कोल्टनला काही झालं तर हा.”

“आणि नाही झालं तर?”

“तर बाजूला उभा राहतो.”

“किती वर्षं उभाय?”

“आमच्याकडे तीन.”

एमपीएससीच्या चौथ्या अटेम्प्टला बसलेल्या भाच्याकडे बघतात तसं सुमेधानं नेल्सनकडे बघितलं आणि त्याला टेबलाच्या कोपऱ्यावरची, पायाला ओव्हन लागतो ती खुर्ची दिली.

यामिनीनं आठवडाभर आधी बजावलं होतं, “ताई, साधा वरण-भात. दुसरं काही करू नकोस. उद्या मॅच आहे.” सुमेधानं हो म्हटलं आणि पुरण शिजायला टाकलं. ब्लँचर्ड्सटाउनच्या इंडियन स्टोअरला जाऊन तिनं अळूची पानंसुद्धा पैदा केली. मेनू असा झाला: पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात, अळूवडी, आणि यामिनीचं मन राखायला वाटीभर वरण.

आता झालं काय, की कोल्टनच्या आईनं त्याला लहानपणापासून एक शिकवलं होतं. कुणाच्या घरी गेलास की ताट रिकामं करायचं, नाहीतर यजमानांचा अपमान. आणि आमच्या सासूबाईंनी सुमेधाला शिकवलं होतं की पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की वाढायचं, नाहीतर पाहुण्याचा अपमान. मी सोळा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण इतका शुद्ध इन्फिनिट लूप मी प्रॉडक्शनमध्येसुद्धा बघितलेला नाही. तो संपवतोय, ही वाढतेय. त्याला घाम फुटलाय, हिला आनंदाचं भरतं आलंय.

“खातोय बघ कसा पोटभर!” सुमेधा म्हणाली. “आणि तू म्हणे वरण-भात!”

“ताई, बास! अगं तूप नको!”

“गप गं. एवढा मोठा मुलगा, वाळून जाईल.”

आमची सानिका दहा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते डब्लिनची होऊन. ती म्हणाली, “मम, ही इज टर्निंग ग्रीन.”

“पुदिना घातलाय मसालेभातात, त्यामुळे वाटतं तसं.”

नेल्सन मात्र जेवता जेवता एकेका माणसाकडे बघत होता. एक पोळी झाल्यावर मी सवयीनं म्हटलं, “ताकभात दे गं.” ताकभात आला, आणि त्यानंतर माझ्या ताटाकडे कुणी फिरकलं नाही, कारण ताकभात म्हणजे जेवण संपलं, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. नेल्सननं ते टिपलं. माझ्या वाटीकडे बोट दाखवून तो इंग्रजीत म्हणाला, “मला ते पांढरं मिळेल का, प्लीज?” सुमेधानं वाढलं आणि त्याच्यासमोरून पोळ्यांचा डबा कायमचा उचलला.

त्या क्षणी मला काही वाटलं नाही. माझी अक्कल तेवढीच.

रविवारी सकाळी यामिनीचा फोन आला. “जिजू, कोल्टन उठत नाहीये. म्हणजे उठतो, बाथरूमला जातो, परत आडवा होतो.”

“अगं मग तिसरा कोणी असेल ना?”

“तिसऱ्याचा पासपोर्ट एक्स्पायर झाला म्हणून तो ओमाहातच राहिलाय. फक्त नेल्सन आहे. मी कोचला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, जिंकलो तर बघू. हरलो तर परतीच्या विमानात तुझी सीट नाही. नोकरी पण नाही. आणि नोकरी गेली की माझा व्हिसा गेला, जिजू.”

सुमेधा शेजारी उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि उरलेल्या पुरणपोळ्या कुणालाही न वाढता तिनं फ्रीजमध्ये ठेवून दिल्या. आमच्या लग्नापासूनची ही पहिलीच वेळ.

मॅचला आम्ही तिघं गेलो. यामिनीही आमच्यातच येऊन बसली, कारण कोचनं तिला मैदानाच्या आसपास दिसायलासुद्धा बंदी केली होती. आमच्या पुढच्या रांगेत मेयो काउंटीची हिरवी-लाल जर्सी घातलेले पॉड्रिग नावाचे एक आजोबा होते. मेयोनं गेलिक फुटबॉलचा कप एकोणीसशे एक्कावन्ननंतर बघितलेला नाही, त्यामुळे दुःखाला सरावलेला माणूस.

टीम पळत मैदानात आली आणि दारावरच्या सिक्युरिटीवाल्यानं नेमका नेल्सनला अडवला. त्याला वाटलं, हा पाण्याच्या बाटल्यांवाला. दोघं मिनिटभर बोलत होते, ते मोठ्या स्क्रीनवर ऐंशी हजार लोकांनी बघितलं. मग स्क्रीनवर नेल्सनचं नाव आलं आणि खाली फोटो भलत्याच कुणाचा.

“हूज युअर मॅन?” आजोबांनी वळून विचारलं. हा कोण बाबा?

“बॅकअप,” मी म्हटलं.

“आह, गॉड हेल्प हिम.”

पहिल्याच चालीला बॉल हातात आला, नेल्सन मागे सरकला आणि आपल्याच माणसाच्या पायात अडकून पाठीवर पडला. टक्सनवाल्यांना त्याला पाडायचीसुद्धा तसदी घ्यावी लागली नाही. यामिनीनं डोळे मिटले. “गेली माझी सीट.”

दुसऱ्या चालीला आणखी मजा. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. कोच बाहेरून सांगतो, की आता अमुक चाल खेळा. तो रेडिओ बंद पडला. कोच बाजूला उभा राहून ओरडतोय, हात फिरवतोय, एका पायावर उड्या मारतोय, जसा काही लक्ष्मी रोडच्या चौकातला ट्रॅफिक हवालदार. नेल्सननं त्याच्याकडे एकदा बघितलं, अंगठा दाखवला आणि पाठ फिरवली.

आणि मग तो स्वतःच चाली सांगायला लागला.

एकाला खांद्याला धरून दोन पावलं डावीकडे सरकवला. दुसऱ्याला नुसती मान हलवून मागे घेतला. बॉल आला, सुटला, पोचला. परत आला, परत पोचला. कुठे घाई नाही, काही नाही.

“हा सगळं कधी शिकला?” मी यामिनीला विचारलं.

“रोज शिकतो, जिजू. प्रत्येक चाल कोल्टनइतकीच पाठ करतो. आणि प्रॅक्टिसला तो आपला नसतोच, समोरच्या टीमचा क्वार्टरबॅक बनतो. आमच्या बचाववाल्यांना सराव हवा ना. आठवडाभर हा टक्सनवाल्यासारखा चालतो, त्याच्यासारखा थांबतो, त्याच्यासारखा फेकतो. तीन वर्षांत लीगमधले सगळे क्वार्टरबॅक होऊन झालेत याचे. फक्त स्वतः व्हायचा राहिला होता.”

तेवढ्यात टक्सनची पाळी आली. नेल्सन बाहेर येऊन बसला नाही. बाजूला उभा राहून आपल्या बचाववाल्यांना खुणा करायला लागला. टक्सनच्या क्वार्टरबॅकनं हेल्मेटला हात लावला की नेल्सन उजवीकडे बोट करायचा, आणि बॉल उजवीकडेच जायचा. त्यानं हात पुसले की नेल्सन दोन्ही हात वर करायचा, आणि बॉल लांब जायचा. चौथ्या वेळी टक्सनवाला थांबला आणि स्वतःच्याच हातांकडे बघत राहिला. परक्या माणसानं आपल्या मनातलं आधी बोलून दाखवावं, तसं झालं असणार त्याला.

आजोबा उभे राहिले होते. “जीझस,” एवढंच म्हणाले.

सुमेधानं माझा दंड धरला होता. “अहो, हा काल ओव्हनला पाय लावून बसला होता ना?”

“तूच बसवलंस.”

“गप्प बसा.”

शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा हेरॉन्स चार गुणांनी मागे होते. म्हणजे बॉल पार टोकापर्यंत न्यायचा, नाहीतर संपलं. यामिनी खाली बघत होती. सानिकानं तिचा हात हातात घेतला. “मावशी, ही इज ग्रँड. लुक ॲट हिम.”

बॉल नेल्सनच्या हातात आला. समोरचे चार रेडे सुटले. त्यानं बॉल फेकला आणि तो पार टोकाच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या गवतावर निघाला. तिथे कुणी म्हणजे कुणी नव्हतं. नेल्सन रेड्यांच्या खाली गाडला गेला. मी मनात म्हटलं, झालं, बारा वाजले. बॉल हवेत स्वतःभोवती फिरत चालला होता, इतका निवांत, जसा त्याला पत्ता ठाऊक आहे. आणि मग हेरॉन्सचा एक पोरगा, बॉलकडे पाठ करून पळत होता तो, वळला. त्यानं हात पुढे केले. बॉल येऊन हातात बसला. पोरगा तिथे पोचायच्या आधी, त्यानं मागे वळून बघायच्याही आधी, कुणीतरी ती जागा बघून ठेवली होती.

एवढ्या लोकांत क्षणभर एक शांतता पसरली, आपण देवळात नकळत हळू बोलतो ना, तशी. मग सगळं स्टेडियम फुटलं. आजोबा रडत होते आणि सुमेधाला मिठी मारत होते, आणि सुमेधाही रडत होती आणि त्यांना मराठीत सांगत होती, “माझ्या बहिणीची नोकरी वाचली हो!”

खाली मैदानात नेल्सनला बाहेर काढलं, उभा केला, तर टीव्हीवाल्या बाईनं माइक धरला त्या पोराच्या तोंडासमोर. नेल्सन शेजारून आपला बूट शोधत गेला.

कोचनं यामिनीला बोलावून घेतलं. दहा मिनिटांनी ती परत आली. “सीट आहे,” म्हणाली. मग रिकाम्या मैदानाकडे बघत बसली.

“अगं मग हस की!” सुमेधा म्हणाली.

“पुढच्या रविवारी परत कोल्टनच खेळणार, ताई. तो बरा झाला. कॉन्ट्रॅक्ट तसंच आहे. मी नेल्सनला म्हटलं, तुला काहीच वाटत नाही का रे? तर म्हणतो, वेळ कुठाय? पुढच्या टीमचा क्वार्टरबॅक डावखुरा आहे. बुधवारपर्यंत मला डाव्या हातानं फेकता आलं पाहिजे.”

आम्ही हसलो. आम्हाला वाटलं, चेष्टा करतोय.

सोमवारी संध्याकाळी यामिनीचा व्हिडिओ आला. विमानात सगळी टीम झोपलीये आणि नेल्सन मधल्या वाटेत उभा राहून डाव्या हातानं जेवणातले पाव फेकतोय. पहिला दिव्याला लागला. दुसरा एअर होस्टेसच्या ट्रेमध्ये पडला. तिसरा सरळ जाऊन कोचच्या कॉफीत. कोचनं तोंड पुसलं, मागे वळून बघितलं, कप बाजूला ठेवला आणि दोन्ही हात पुढे धरले.